अण्णा आणि निपाणीवरचा अंधार

उभ्या बेळगाव जिल्ह्यात अंधाराशी खरी ओळख असलेला एकच माणूस आहे आणि तो माझ्या मेहुण्याचा सासरा आहे, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी सारी हयात वीज खात्यात लाइनमन म्हणून काढली. येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत त्यांनी मिठी मारली नाही असा खांब सापडायचा नाही. लाइट गेली की तुम्हाआम्हाला लाइट गेली एवढंच कळतं. अण्णांना त्या अंधाराचं कूळ, गोत्र आणि फ्यूज कळतो. मेहुण्याच्या घरी बारशाला ऐन पंगतीत लाइट गेली. बायका "अगं बाई" म्हणाल्या, पुरुषांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या आणि जनरेटरवाल्याचा नंबर कुणाकडे आहे यावर वाद सुरू केला. अण्णा तेवढे पानावरून न उठता खिडकीबाहेर बघून म्हणाले, "देवळात उजेड हाय, गिरणीचा आवाज येतोय. म्हंजे आपल्याच खांबाचा फ्यूज. लाइनमन जेवाय बसला आसंल, पंधरा मिंटात येतोय." चौदाव्या मिनिटाला लाइट आली, तेव्हा त्या बिचाऱ्यानं जेवण अर्धवट टाकलं असणार म्हणून अण्णा हळहळले.

हा माणूस मी आमच्या क्लबात नेला, ते एवढ्याचसाठी की निवृत्तीनंतर घरातले सगळे स्विचबोर्ड तीन-तीनदा उघडून झाले होते आणि आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, हातघाईवर आल्या होत्या. उद्यमबागेत एका कारखान्याच्या माडीवर आम्ही दहा-बारा हौशी लोक कॉम्प्युटरवर विमानं उडवतो. समोर तीन मोठे पडदे, जुन्या मोटारीच्या दोन सीटा आणि शेजारच्या फाउंड्रीतून हौसेनं ओतून घेतलेलं, जोखडाइतकं जड सुकाणू. विमान माडी सोडून कुठं जात नाही, तरी उतरणारा माणूस घामानं निथळत असतो. रविवारी सकाळी दहा वाजता खिडक्या झाकून आम्ही रात्र करतो आणि रात्रीच्या उड्डाणाचा सराव करतो. त्यात मार्ग दाखवणारा नकाशा बंद असतो; खालचे दिवे, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावर वाट काढायची. परीक्षा एकच : सांबऱ्याच्या विमानतळावरून उठायचं, निपाणीवर एक गिरकी घ्यायची आणि परत सांबऱ्याला उतरायचं. तीनदा नापास झालेल्यानं रात्रीची खुर्ची कायमची सोडायची आणि टॉवरच्या टेबलाशी बसून इतरांना "या, उतरा" म्हणायचं. हा नियम आमच्या सेक्रेटरीबाईंचा. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, आणि दाढ उपटताना जेवढ्या शांत असतात तेवढ्याच शांतपणे त्या माणसाला नापास करतात.

अण्णांनी पहिल्या दिवशी चपला काढल्या, सुकाणूला हात लावून कपाळाला लावला आणि खिशातला टेस्टर काढून आमच्या सगळ्या प्लगमध्ये घालून पाहिला. "अर्थिंग न्हाय," ते म्हणाले. "आन् हवेत जाताय व्हय असल्यात?" पुढच्या रविवारी अर्थिंग करूनच ते खुर्चीत बसले. विमान चालवायला ते झपाट्यानं शिकले. दिवसा तर अशी झोकदार वळणं घ्यायचे की मला कॉलेजातली सायकल आठवायची. पण रात्र झाली की त्यांच्यातला लाइनमन जागा व्हायचा. पहिल्या परीक्षेत ते उठले, निपाणी राहिली बाजूला, येळ्ळूरचे दिवे दिसताच खाली खाली जाऊ लागले. "वर, अण्णा, वर!" मी ओरडलो. "थांबा वो पावणं, ह्या गल्लीत खांब कमी दावल्यात," म्हणेपर्यंत विमान येळ्ळूरच्या गडाच्या डोंगरावर आपटलं. पडदा लाल झाला. अण्णा म्हणाले, "सात मोजलं. अकरा पायजेत."

दुसऱ्या वेळी ते उंचावर राहिले, हायवेच्या गाड्यांची माळ धरून थेट गेले आणि मोठ्या थाटात निपाणीच्या अलीकडच्या संकेश्वरवर गिरकी घेऊन "ही निपाणी" म्हणून परत आले. चूक त्यांना मान्यच होईना. "आवो बाई, संकेश्वरला एवढं दिवं न्हाईत. तुमचं मशीनच खोटं हाय."

"असेल," बाई म्हणाल्या. "दिवे फसवतात, अण्णा. म्हणून घड्याळ आणि होकायंत्र बघायचं. तुम्ही दोन्हीकडे एकदाही पाहिलं नाही. आता एकच संधी उरली."

त्या दिवशी अण्णा कठडा धरून जिना उतरले. गाडीला किक मारायच्या आधी एवढंच म्हणाले, "खांबावर चढाय कुणी बंदी घातली नव्हती मला. वय झालं म्हणून ह्या खुर्चीतनंबी उठवत्यात का काय?"

पुढचे दोन महिने त्यांनी घरात जो सराव मांडला तो त्यांच्या वडगावात अजून सांगितला जातो. हातात सुकाणू म्हणून जेवणाचं ताट, समोर भिंतीवरचं घड्याळ. "आता हत्तरगी… आता संकेश्वर…" अशी वाटेवरची गावं पुटपुटत ते खुर्चीत बसायचे आणि आक्का भात घेऊन उभ्या. "निपाणी आल्याबिगर वाढू नगंस," असा हुकूम. एकदा निपाणीवरून परत फिरताना त्यांनी ताट इतकं तिरपं केलं की आमटी आक्कांच्या पायावर गेली. तिसऱ्या परीक्षेला आक्का स्वतः क्लबात आल्या. "ह्यांचं विमान एकदाचं कुठंतरी उतरू दे," असं म्हणून त्या मागच्या बाकावर बसल्या.

अण्णांचं विमान उठलं. या खेपेला येळ्ळूरकडं त्यांनी मानही वळवली नाही. एक डोळा होकायंत्रावर, एक मनगटावरच्या घड्याळावर. हत्तरगी वेळेवर आली, संकेश्वर वेळेवर आलं. आणि मग पुढे जिथं निपाणी झगमगायला हवी तिथं काहीच नाही. नुसता काळा काळोख. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी गालातल्या गालात हसून आपल्या टेबलावरच्या बटणाकडे बोट केलं. त्यांनी गुपचूप अख्ख्या निपाणीचे दिवे मालवले होते. याच युक्तीनं आमचे दोन पट्टीचे वैमानिक भरकटून समुद्रापर्यंत गेले होते.

अण्णा क्षणभर थबकले. घड्याळ पाहिलं, होकायंत्र पाहिलं, पुन्हा बाहेर पाहिलं. आणि जन्माचा मित्र भेटावा तसे खुर्चीतच उसळून ओरडले, "लाइट गेली! आवो, निपाणीची लाइट गेली!"

"कशावरून?" बाईंनी विचारलं. "रानावर असाल तुम्ही."

"घड्याळ म्हणतंय निपाणी आली. होकायंत्र म्हणतंय आली. डोळं तेवढं न्हाय म्हणत्यात. आन् त्या गाड्या बघा की! तीन रस्तं अंधारात शिरत्यात आन् पल्याडनं भाईर पडत्यात. रानात कशाला शिरतील? बाई, लाइट गेलेल्या गावाचा अंधार येगळा, गाव नसल्याला अंधार येगळा. ह्यो माझा रोजचा हाय."

आणि त्या काळ्या तुकड्याभोवती त्यांनी अशी रेखीव, गोल गिरकी घेतली की कुणी परकारानं काढावी. बाईंनी बटण दाबलं. खाली, बरोबर विमानाच्या पंखाखाली, निपाणी लख्ख उजळली. सगळी माडी उठून उभी राहिली. परतीच्या वाटेवर कुणी बसलंच नाही. सांबऱ्याला विमानानं तीन उड्या मारल्या, पण चौथीला ते धावपट्टीवरच थांबलं. बाईंनी आपल्या हातानं अण्णांच्या सदऱ्याला क्लबचा बिल्ला लावला आणि म्हणाल्या, "या बटणाला फसला नाही असा पहिला माणूस." अण्णांनी मान डोलावली, एवढ्या कौतुकानं ते लाजले होते. मग हळूच म्हणाले, "बाई, एक फेरी आजून मारू काय? हिला दावायचं हाय."

आक्का नको नको म्हणत शेजारच्या सीटवर बसल्या. विमान उठलं आणि तिन्ही पडद्यांवर सबंध बेळगाव पसरलं. शहापूर, वडगाव, पार येळ्ळूरपर्यंत दिव्यांची रांगोळी. आक्का पदर सावरत पडद्याकडं वाकल्या. मग म्हणाल्या, "वादळवाऱ्यात फोन आला की तुम्ही जायचा. तुम्ही येईस्तवर मी उंबऱ्यात बसायची. सारखं वाटायचं, कशापायी जातोय ह्यो माणूस? हे आसं दिसतंय व्हय?"

"मला तरी कुठं ठावं होतं?" अण्णा म्हणाले. "खांबावरनं एकच गल्ली दिसतीया."

आणि त्यांनी विमान हळूच आक्कांच्या बाजूला कलतं केलं.