डब्याच्या तळाचा लाल आकडा

"डबा उलटा करा." एवढेच त्या म्हणत. नमस्कार नाही, काय हवे ही चौकशी नाही. आपण रिकामा डबा वजनकाट्यावर ठेवायचा, त्यांनी वजन पाहायचे आणि नेलपॉलिशच्या इवल्याशा कुंचल्याने तो आकडा डब्याच्या तळावर लिहायचा. पुढे कधीही डबा भरून तोलला, की तळाचा आकडा वजा करायचा. मध्ये प्लास्टिकच्या पिशवीचे काही कामच उरत नसे.

आमच्या हिंदीभाषी शहरात, मदन महलजवळच्या सुपरमार्केटात सुटी डाळ आणि भाजी तोलून देणे, हे त्यांचे काम. घर जवळच्या गढ़ा वस्तीत, माणसे मूळची विदर्भाकडची. सगळे त्यांना दीदी म्हणत. मी वयाने वीस वर्षांनी मोठा, तरी मीही दीदीच म्हणे. त्यांच्या नखांवर मात्र रंग कधी दिसला नाही. विचारले तर म्हणाल्या, "भाजीत हात असते माझे, गुरुजी. रंग डब्याले पुरे."

मी एकतीस वर्षे गणित शिकवले. तरीही पहिल्या दिवशी चूक माझीच झाली. रिकामा डबा तोलला तेव्हा झाकण माझ्या हातात होते. तूरडाळ भरून घेतली, झाकण लावले आणि डबा पुन्हा काट्यावर ठेवला.

"काय करून राहिले, गुरुजी? झाकण शिजवणार काय?"

मागची सारी रांग हसली. त्यांनी डबा रिकामा करवला, झाकणासकट पुन्हा तोलला आणि तळावर लिहिले : २१४. त्यापुढे, शंकेला जागा नको म्हणून, एक छोटासा 'झा'.

पातळ पिशव्यांची गुंडाळी त्या काउंटरखाली ठेवत. मागणाऱ्याला नाही म्हणत नसत. फक्त आधी उलटतपासणी होई.

"दीदी, पन्नी दे दो."

"है ना. अदरक कहाँ तक जाएगी?"

"घर तक."

"और घर?"

"वो सामने."

"तो हाथ में चली जाएगी."

डबा विसरलेल्यांसाठी पळसाच्या पानांचे द्रोण असत. हिरव्या मिरच्या त्यातून घरी नेताना, हे आजवर आपल्याला का सुचले नाही, असे माझ्यासारख्यालाही वाटून जाई.

मग एका सोमवारी मॅनेजर आला. मुलगा सभ्य होता, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. "दीदी, ऊपर का ऑर्डर है. अगले सोमवार से सब पैक होकर बिकेगा. ये काउंटर बंद. आप पैकिंग टेबल पर आ जाइए, पगार वही रहेगी. बस शनिवार तक कागज़ पर साइन कर दीजिए."

"काहून?" त्या म्हणाल्या. राग आला की त्या कुणाशीही मराठीतच बोलत. मॅनेजरला तो 'का' कळला नाही, मला कळला. मग शेजारची काकडी उचलून त्यांनी हिंदीत विचारले, "इसको ऊपरवाले ने छिलका दिया है, भैया. आपका ऊपर उससे भी ऊपर है क्या?"

पाकिटबंद टोमॅटो त्याच आठवड्यात येऊ लागले होते. गुरुवारी सकाळी त्यांनी मागच्या दारातून एक क्रेट ओढत आणला. फेकायला काढलेली पाकिटे होती. आम्हा सर्वांसमोर त्यांनी कात्रीने एकेक पाकीट उघडले. बहुतेक पाकिटांत सडलेला टोमॅटो एकच. सडके डावीकडे, चांगले उजवीकडे. पाहता पाहता उजवीकडचा ढीग घरंगळायला लागला.

"एक सडला, तं बाकीच्याईनं काय गुन्हा केला?"

मॅनेजर आला आणि ढिगांकडे पाहत त्याने एक काकडी उचलली. म्हणाला, "पर दीदी, खीरा तो पैकेट में ज़्यादा टिकता है."

"टिकता है," त्या लगेच म्हणाल्या. खोटा वाद घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "जिसको लगता है उसको बाँधो. सबको काहे बाँधते हो?"

इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मॅनेजरकडे फक्त ऑर्डर होती.

शनिवारी कागद काउंटरवर कोराच पडून होता. मी हळूच म्हणालो, "दीदी, नोकरी जाईल."

"जाऊ द्या. ज्या हातानं पन्नी सोडवली, त्याच हातानं बांधू काय आता?"

त्या दिवशी त्यांनी भाजी थोडी आणि डबे जास्त तोलले. ज्यांचे आकडे फिके झाले होते, ते गिरवून दिले. माझ्या डब्यावर फुंकर घालत म्हणाल्या, "नंबर पुसू देऊ नका, गुरुजी. मी नसली तरी काटा तं कुठंतरी राहीलच."

संध्याकाळी नेलपॉलिशची बाटली पदराला बांधून त्या निघून गेल्या. पुढे मी गढ़्यात चौकशी केली. शेजारी म्हणाले, बहिणीकडे गेल्या. कोणत्या गावी, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

काउंटरच्या जागी आता पाकिटांचे काचेचे कपाट उभे आहे. आम्ही सात ग्राहक दर शनिवारी त्यासमोर रिकामे डबे घेऊन रांग लावतो आणि सुटी तूरडाळ मागतो.

"सर, खुला नहीं मिलता. आपको मालूम है."

"मालूम है. अगले शनिवार फिर पूछेंगे."

पहिल्यांदा मॅनेजर हसला. मग चिडला. आता आम्ही दिसलो, की तो मुकाट्याने वर फोन लावतो. डाळ आम्ही दुसरीकडून घेतो. रांग मात्र इथेच लावतो.

परवा घासताना माझ्या डब्यावरचा चारचा आकडा अर्धा उडाला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी जन्मात प्रथमच नेलपॉलिश विकत घेतले. दुकानदाराने विचारले, "किसके लिए, सर?" मी म्हणालो, "डिब्बे के लिए." त्याने लाल बाटली पुढे सरकवली.

घरी येऊन डबा उलटा केला आणि त्यांच्याच वळणावरून कुंचला फिरवला. दोन, एक, चार. 'झा' विसरलो नाही. रंग वाळला आहे. उद्या शनिवार.