नाताळच्या नैवेद्याचे मीठ

काय सांगू तुम्हाला! जन्मभर देवापुढे टाळ धरला, पंक्तीत मानाने बसलो, चार माणसांत दोन शब्द बोलायची सवय झाली. आणि या सवयीनेच यंदाच्या नाताळला माझी अशी शोभा केली, की अजून घरात कोणी मिठाचा सट उचलला तरी मी मान खाली घालतो. चहा घ्या, सांगतो.

शेणवे गावाजवळ आमचे घर. माझा मुलगा समीर याने वैशाखात वसईच्या सिल्वियाशी लग्न केले. पोर गुणाची. घरात आली आणि पहिल्या दिवसापासून माझ्या काकड्याला उठून दिवा लावू लागली. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून तिने या घरापुरता सामिष स्वयंपाकही आपण होऊन सोडला. एका शब्दाने कुरकुर नाही!

मग मला नको का वाटायला? मी जाहीर केले, "सूनबाई, तुझा पहिला नाताळ याच घरात. आईवडिलांना बोलाव. माहेरी जसा करता, तसाच इथे करायचा."

ती हरखली. म्हणाली, "अप्पा, आमच्याकडं नाताळला वेगवेगळ्या देशांचं जेवण असतं. बाबा जहाजावर होते ना, ज्या बंदरात जे खाल्लं, ते ते घरी करून बघायचे."

देशोदेशीचे अन्न आमच्या चुलीवर! माझे कुतूहल अनावर झाले. नाताळच्या सकाळी स्नान-पूजा आटोपून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून जो बसलो, तो हललोच नाही. सिल्विया इटलीचे भाज्यांचे सूप रांधत होती, समीर फोनमध्ये बघून मेक्सिकोचा राजमा, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या वाट्याला आले होते लेबनन. म्हणजे वाटलेले छोले आणि त्यात वाटलेले तीळ.

"हे काय घातलेस सूनबाई?"

"पास्ता, अप्पा."

"म्हणजे शेवयाच की! जरा अंगाने धरलेल्या."

"अवो, तुमी तिकडं बसा ना ओटीवर," ही म्हणाली. "सकालपास्नं पोरीला नुसतं इचारून इचारून हैरान केलंय."

तरी मी बसलो. सांगतो ना, नको होते बसायला! कारण तेवढ्यात समीरने चमचा राजम्यात बुडवला आणि तोंडाकडे नेला.

"थांब!" मी असा गरजलो, की चमचा खाली पडला. "नैवेद्य दाखवायचा आहे. त्याआधी चव?"

"अप्पा, हा नैवेद्य नाही. पार्टीचं जेवण आहे!"

"आज जन्म कुणाचा? त्या बाळाचाच ना? गोकुळाष्टमीला या घरात कृष्णाच्या आधी कुणी सुंठवडा तरी चाखला आहे का? मग या बाळाने काय पाप केले, म्हणून त्याने तुझे उष्टे खायचे?"

सिल्वियाचे डोळे भरून आले. ती एवढेच म्हणाली, "नाही समीर. अप्पा बरोबर बोलतात. कुणी चव घ्यायची नाही."

मला काय धन्य वाटले म्हणून सांगू! पाहुण्या देवाला पाहुण्याचे नियम, असे म्हणून मी कांदा-लसणाकडेही उदार मनाने दुर्लक्ष केले. मात्र चवीचा पहारा सोडला नाही. एक बोट पातेल्यात जाऊ दिले नाही!

आता बघा. हिचा हात म्हणजे आमटीला न चाखता मीठ बिनचूक. चाळीस पानांची खीर करील, साखर कधी चुकणार नाही. पण तो हात भाताला, वरणाला, वालाच्या बिरड्याला ओळखतो. लेबननशी त्याची काय ओळख? हे तेव्हा सुचावे ना! नाही सुचले.

दुपारी व्याही इनासराव आणि विहीणबाई गाडीतून उतरले. सिल्वियाने ओटीवर भाताच्या पेंढ्याचा गोठा केला होता, त्यात गव्हाणीत बाळ ठेवले होते. मी गोठ्यापुढे पाण्याने चौकोन काढला, पान मांडले, तिन्ही देश वाढले, प्रत्येकावर तुळशीपत्र ठेवले, पाण्याचा पेला ठेवला, डोळे मिटले. उघडून पाहतो तर व्याही-विहीण हात जोडून उभे. विहीणबाई पदराने डोळे टिपताहेत. वाटले, जन्माचे सार्थक झाले!

पंगत बसली. नैवेद्याच्या पानात आमच्याकडे मीठ वाढत नाहीत. त्या दिवशी मी म्हटले, सर्वांनी प्रसादासारखेच जेवायचे, कुणाच्याच पानात मीठ नको.

मी पहिला घोट इटलीचा घेतला. काहीच नाही! गरम पाण्यात भाज्या आंघोळीला उतरल्यासारख्या. सिल्वियाचा चेहरा उतरला, ती समीरकडे पाहू लागली. पोरीला अवघडू नये, म्हणून मी पुढे सरसावलो.

"पाहा इनासराव," मी म्हणालो, "अन्नावरून माणसाची वृत्ती कळते. हे इटलीचे लोक मूळचे विरक्त. जिभेचे लाड नाहीत. जणू रोजचीच एकादशी!"

इनासराव माझ्याकडे पाहतच राहिले. "असं?" एवढेच म्हणाले.

मग मेक्सिको. अहो, पहिल्या घासाला कानांतून वाफ! समीरला कृतीत सहा मिरच्या दिसल्या. तिकडची मिरची म्हणे आपल्या भोपळी मिरचीची चुलत बहीण. याने घातल्या परसातल्या लवंगी! विहीणबाईंच्या नाकातून, डोळ्यांतून धारा. मला आपला वाटला भक्तिभाव.

"हा रजोगुण," मी पाणी पिऊन म्हणालो. "या लोकांचा स्वभाव तापट असणार. शीघ्रकोपी!"

"असेल बाबा," इनासराव म्हणाले, आणि त्यांनीही पेला रिकामा केला.

उरले लेबनन. काळेकुट्ट! आणि कडू असे, की कडुलिंबाने नमस्कार करावा. घरातले तीळ संपले होते, म्हणून हिने खुरासणी, म्हणजे आपले काळे कारळे, भाजून वाटली होती. ती भाजता भाजता जळली, आणि चव बघायला मी कुठे देत होतो? पण मी काय म्हणावे? म्हणालो, "फार सोसले असेल हो त्या लोकांनी. ते दुःख अन्नात उतरते."

यावर इनासरावांनी हात धुतल्यासारखे बोटे झटकली आणि अतिशय अदबीने विचारले, "अप्पा, चिमूटभर मीठ मिळेल का?"

"मीठ? इटलीच्या पदार्थाला?"

"मी इटलीत हेच सूप खाल्लंय, अप्पा. तिथल्या समुद्रालासुद्धा मीठ आहे."

तेव्हा मात्र आमच्या सौभाग्यवतींचा बांध फुटला. "ह्यांनी चाखूच दिलं नाय वो! सकालपास्नं उंबऱ्यावर राखण बसले! सिल्विया समीरला बोलली मीठ टाक, समीर मला बोलला, नि मला वाटलं इटलीवाले मीठ खात नसतील. काल्या लेबननचं तं नावच नको!"

मी सिल्वियाकडे पाहिले. तिने तोंडावर पदर धरला होता, खांदे हलत होते. पोरीचा पहिला नाताळ, माहेरची माणसे समोर, आणि मी तिला रडवले!

"सूनबाई, चुकलो ग," मी म्हणालो.

तिने पदर काढला. ती हसत होती! हसता हसता तिला श्वास पुरेना. "रोजची एकादशी!" म्हणाली आणि पुन्हा कोसळली. विहीणबाई हसल्या, ही हसली. इनासराव म्हणाले, "मी म्हटलं, या घरचा धर्मच असेल असा. बोलायचं कसं?"

मग तेच उठले. बाह्या सारल्या, इटलीचे पातेले मेक्सिकोत रिकामे केले, मीठ घातले, भात घातला, वर दही. लेबननला मात्र कुठेही प्रवेश मिळाला नाही, ते सरळ खताच्या खड्ड्यात गेले. आणि काय चव आली म्हणता! मी म्हटले, "हा तर काला झाला!" विहीणबाईंनी दोनदा मागून घेतला.

जेवणे झाली. मी सुपारी कातरीत समाधानाने बसलो होतो. ही पाने उचलता उचलता गोठ्यापुढे थांबली.

"अवो," ती म्हणाली, "पाव्हन्यांनी निदान मीठ मागून घेतलं. पन तुमी पयलं वाढलं देवाला. त्या बालानं कुनाकडं मागायचं?"

अडकित्ता हातातच राहिला. खरेच की! सर्वांच्या आधी, सर्वांहून निमूटपणे, ते सगळे त्याने जेवले होते!

ज्या माणसाने आयुष्यात नैवेद्याच्या पानावर मिठाचा कण पडू दिला नाही, तो मी उठलो, चिमूटभर मीठ आणले, गव्हाणीपुढच्या पानात वाढले आणि हात जोडून डोळे मिटले.

मागून सिल्वियाचा आवाज आला, "अप्पा, मीठ राहू दे, आधी पाण्याचा हंडा आणा! बाळाच्या पानात मेक्सिको अजून तसाच आहे!"