बाबांच्या नंबरवरून लवकीचा रस

बाबा गेले आणि त्यांचा मोबाईल माझ्याकडे आला.

घरच्या ग्रुपवरचा त्यांचा फोटो जाऊ नये म्हणून आईनं नंबर चालू ठेवायला लावला. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. सुट्टीत मोहाडीला आईकडे होते, तेव्हा ग्रुपवर लाखनीच्या काकांचा मेसेज आला : 'रोज लवकीचा (म्हणजे दुधी भोपळ्याचा) रस प्या, बीपीची गोळी कायमची बंद!' खाली फुलं.

आईला बीपी आहे. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"खरं हाय का वो हे? तू शिकलेली, पाय जरा."

मी पाहिलं. एका संकेतस्थळावर लवकी अमृत होती, दुसऱ्यावर कडू लवकी विष! तिसऱ्यावर आधी रस विकत घ्यायचा होता, मग माहिती मिळणार होती. दुपारपर्यंत माझंच बीपी वाढलं. शेवटी सरकारी आरोग्य खात्याच्या पानावर सापडलं : डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

"ग्रुपवर टाक," आई म्हणाली. "पन तुह्या नंबरवरून नोको. तुह्यं कोनी वाचत नाही. बाबाच्या नंबरवरून टाक."

मी शिस्तीत टाकलं! समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत मांडावं, मग खोडावं, असं मी मुलांना शिकवते. म्हणून वर काकांचा अख्खा मेसेज उतरवला आणि खाली पानभर खंडन लिहिलं. (संदर्भांसह!)

ग्रुपवर लांब मेसेजचा वरचाच तुकडा दिसतो. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. आमच्या घराण्यात ते कोणी लावलं नाही.

पहिला फोन कारध्याच्या आत्याचा.

"माय वो, दादाचा मेसेज आला!" ती रडत होती. "गेला तरी जीव आमच्यातच हाय त्याचा. मी लवकी किसूनच राहिली."

"आत्या, तो मी पाठवला!"

"तू काहून पाठवशीन? नाव तं दादाचं हाय!"

"खालचं वाच न!"

"चष्मा नाही जवळ. दादा का खोटं सांगन?"

मग काका. "मी टाकलं तं कोनाले पटलं नाही. दादानं शिक्का मारला!"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, तर आईच्या हातात हिरवा ग्लास! आणि सकाळची गोळी पाकिटातच.

"आई! तुह्यासमोरच तं लिहिलं मी!"

"हाव. पन त्याच्या नावानं आलं न." ती ग्लासाकडेच पाहत राहिली. "त्यानं सांगतलेलं मी कधी मोडलं नाही."

लिहिणारी मी, खोडणारी मी, आणि मला हरवणारे बाबा! तिला गरगरायला लागलं, तशी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि वर पाहिलं. "गोळी कोणी बंद केली?"

"हिनं लिहिलं होतं," आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "कॉलेजात शिकवते."

डॉक्टरांनी माझं खंडन वाचलं. बराच वेळ वाचलं. "बरोबर आहे सगळं, मॅडम. पण एक ओळ लिहा ना!"

तिथंच बसून बाबांच्या नंबरवरून लिहिलं : 'गोळी बंद करू नका.'

लगेच आत्याचा फोन. "दादाचा विचार बदलला वाटते. मी रस फेकला."

आई आता रोज गोळी घेते. खरंखोटं मी शोधते. विश्वास बाबांवर आहे.