इलियासच्या शेजारची सीट

विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं, सामानही आलं, तर त्याचा किस्सा होत नाही. किस्सा व्हायला कुणाची तरी अब्रू जावी लागते. आमच्या ग्रुपात ती इतक्या वेळा गेलीय की एक किस्सा आठवायला बसावं तर त्याच्यामागून चार बाहेर येतात.

ग्रुप म्हणजे तिघंच. मी, डॉक्टर सबनीस आणि इलियास नागावकर. सत्तरच्या दशकातली, कॅनडातली गोष्ट. मी आणि इलियास मिसिसागात, सबनीस रिचमंड हिलला. रविवारी दुपारी विमानतळाच्या कुंपणाबाहेर माझी स्टेशन वॅगन लावायची, थर्मासमधला चहा आणि डब्यातला चिवडा काढायचा, आणि डोक्यावरून उतरणारी विमानं बघत बसायचं. एवढंच. माझी बायको म्हणायची, दारू पीत असता तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं.

इलियास शाळेत केमिस्ट्री शिकवायचा. पण विमानाबद्दल कुणी चुकीचं बोललं की त्याला राहवायचं नाही. एका लग्नात नवरदेव म्हणाला, आम्ही जम्बोनं हनिमूनला जाणार. इलियासनं हातातल्या अक्षता हातात तशाच ठेवून त्याला सांगितलं की त्या रूटवर जम्बो जातच नाही. मुलीकडचे लोक बघत राहिले. आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

तो स्वतः तेव्हा छोटं विमान चालवायला शिकत होता. लायसन्स मिळालं की पहिला पॅसेंजर तुमच्यातला, असं तो दर रविवारी म्हणायचा. आणि दर रविवारी आम्ही दोघं 'पहिला मी' म्हणून भांडायचो. चिवडा खाताना माणूस काहीही बोलतो.

* * *

सबनीस भूल देणारे डॉक्टर. लोकांना बेशुद्ध करायचं हा त्यांचा धंदा. ते पहिल्यांदा कॅनडात आले तेव्हाची गोष्ट.

सामानाच्या वजनाला मर्यादा, पण अंगावरच्या कपड्यांना नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मग काय! दोन सूट, त्यावर आईनं विणलेले स्वेटर, त्यावर ओव्हरकोट. कोटाच्या एका खिशात मेडिकलची पुस्तकं, दुसऱ्यात पितळी खलबत्ता. महिना जुलै.

इमिग्रेशनच्या रांगेत त्यांना घाम फुटला, मग डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि डॉक्टरसाहेब सगळ्या स्वेटरांसकट खाली बसले. ऑफिसर ओरडला, इथे कुणी डॉक्टर आहे का?

सबनीसांनी जमिनीवरूनच हात वर केला. त्या हातात बत्ता होता, त्यामुळे डॉक्टरच्या आधी दोन पोलीस आले.

* * *

पुढे त्यांचे सासरे आले. तेव्हा रिवाजच होता, कुणाचंही माणूस येवो, आणायला आम्ही तिघंही जायचो.

त्या दिवशी लवकर पोचलो म्हणून पार्किंगच्या गच्चीवर गेलो. सासऱ्यांचं विमान आमच्या डोळ्यांसमोर उतरलं. सबनीस म्हणाले, सेव्हन-ओ-सेव्हन. इलियास म्हणाला, डीसी-एट. झालं! दुर्बीण या हातातून त्या हातात. दोघांनाही चार इंजिनं, दोघांचीही शेपूट लांबून सारखी. वाद मिटेना. मिटला तेव्हा खाली येऊन बघतो तर हॉल रिकामा.

आम्ही वॉशरूम पाहिल्या, बाकं पाहिली, माइकवरून नाव पुकारायला लावलं. शेवटी तोंडं पाडून रिचमंड हिलला गेलो. सबनीसांनी बेल दाबली. दार सासऱ्यांनीच उघडलं. आंघोळ झालेली, हातात चहाचा कप. बाकावर बसून बसून कंटाळल्यावर एका पंजाबी टॅक्सीवाल्याशी हिंदीत बोलून ते एकटे घरी आले होते.

सबनीस पाया पडले आणि खरं ते सांगून मोकळे झाले, की विमान कोणतं यावरून जरा वाद झाला.

"मला विचारायचं होतंत," सासरे म्हणाले. "मी त्यातच बसलो होतो."

मी चपला काढायच्या निमित्तानं जो वाकलो, तो वर बघायला तयार नव्हतो. इलियासनं मात्र लगेच विचारलं की इंजिनं कशी होती. सबनीसांनी त्याच्या पायावर पाय दिला.

* * *

आता माझं. सांगायला लाज वाटते, पण ग्रुपात कुणाला सूट नाही.

इलियास अलिबागजवळच्या एका गावचा बेने इस्रायल. म्हणजे धर्मानं ज्यू, घरात मराठी, आणि भांडायला लागला की अस्सल कोकणी. त्यानं मला एकदा सांगितलं की विमानात कोशर, म्हणजे ज्यूंच्या नियमातलं, जेवण मागितलं की सीलबंद ट्रे येतो, आणि तो सगळ्यांच्या आधी येतो. मी मुंबईला जाताना तिकिटावर गुपचूप कोशर लिहवून घेतलं. शाकाहारी घरात वाढलेला माणूस मी, पण विमानात बसलं की मला सगळं चालतं.

ट्रे आला. सगळ्यांच्या आधी आला. शेजारचे बघत होते आणि मी चवीनं जेवत होतो. थोड्या वेळानं एक पांढऱ्या दाढीचे म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मागच्या बाजूला त्यांची प्रार्थना होती, त्यांना दहा पुरुष लागतात, आणि नऊच भरले होते. एअर होस्टेसनं सांगितलं होतं की पुढे एक कोशरवाले बसलेत.

मी शर्टाच्या आत जानवं घालून बसलेला. मी म्हणालो, मी तुमच्यातला नाही. ते म्हणाले, पण जेवण? मी म्हणालो, तेवढंच.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मागे बघून मान हलवली, आणि ते नऊ जण आपापल्या जागी जाऊन बसले. मला उरलेला प्रवासभर वॉशरूमला जायचीही हिंमत झाली नाही, कारण ती मागे होती.

हे कुंपणाशी सांगितल्यावर सबनीस खोकेपर्यंत हसले. इलियास हसला नाही. "एका माणसासाठी अडून बसावं लागतं ना," तो म्हणाला, "तेव्हा कसं वाटतं ते तुला कळायचं नाही."

* * *

मे महिन्यात इलियासला लायसन्स मिळालं. पेढे वाटले त्यानं. आणि त्या दिवसापासून 'पहिला मी' हे शब्द ग्रुपातून नाहीसे झाले.

विमान म्हणजे दिसायला फियाटएवढं. दार ओढून लावायचं, तेही दोनदा. आम्ही उत्तरेकडच्या छोट्या विमानांच्या मैदानावर जाऊन ते पाहून आलो.

सबनीस पुढचे सगळे रविवार ऑन कॉल होते. एका रविवारी ते ऑन कॉल असताना इलियासला ग्रोसरीच्या दुकानात भेटले. हातात वांगी. इलियास म्हणाला, काही हरकत नाही डॉक्टर, पुढच्या रविवारी. हे जास्त लागलं, असं सबनीसच नंतर म्हणाले.

माझ्याकडे त्याचा फोन आला तेव्हा मी सोफ्यावर होतो. फोन मुलीनं घेतला. मी हातानं खूण केली, नाही म्हणून सांग, बाहेर आहे, कामात आहे. पोरगी आमची हुशार. फोनमध्ये इंग्रजीत म्हणाली, "डॅडी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताहेत."

जून महिना होता.

मग मुलीनं मला सांगितलं, इलियासकाका म्हणाले, पाठ सांभाळून करायला सांग.

* * *

त्याची बायको हन्नावहिनी सरळ होती. पोरी लहान आहेत, दोघांनी एका विमानात बसायचं नाही, असं तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं आणि त्याला ते पटलं. आमच्यात तेवढाही सरळपणा नव्हता.

फ्लाइंग क्लबात बाकीचे पायलट कुणी बायकोला, कुणी शेजाऱ्याला घेऊन उडायचे. हा एकटा जायचा, एकटा यायचा. लोक विचारायला लागले होते. आम्हाला हे सांगताना तो विषय बदलायचा, पण चेहरा पडायचाच. मग एका रविवारी त्यानं शेजारच्या सीटवर तांदळाची गोणी ठेवली आणि तिला पट्टा बांधला. म्हणाला, वजनाचा अंदाज घेतो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो. हन्नावहिनीनं पुलाव वाढला. "खा भाऊजी," ती म्हणाली. "हा तांदूळ तुमच्याआधी वर जाऊन आलाय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण पुलाव चांगला होता. मी दोनदा घेतला, त्याचीही लाज वाटते.

* * *

ऑगस्टमध्ये इलियासची आई गावाहून आली. नऊवारी नेसणारी, बारीकशी बाई. मुंबईहून येताना तिनं विमानातल्या सीटचा पट्टा एकदाही सोडला नव्हता. घरावरून विमान गेलं की अजूनही पदर डोक्यावर घ्यायची.

त्यांच्या गावाकडे एका खडकावर चाकांच्या खुणा आहेत. एलियाहू हन्नबी, त्यांचे पैगंबर, तिथून रथात बसून आकाशात गेले, अशी त्यांची श्रद्धा. इलियासचं नाव त्यांच्यावरूनच. जगातली पहिली धावपट्टी आमच्या कोकणात, असं तो म्हणायचा. तर आईनं हन्नबींना नवस बोलला होता, की माझ्या मुलाच्या विमानात कुणी बसलं आणि सुखरूप उतरलं की मलिदा करीन.

एक दिवस चहा देताना तिनं आम्हा दोघांना विचारलं, तुम्ही बसलात का रे याच्या विमानात? सबनीसांनी बशीकडे पाहिलं. मी सबनीसांकडे पाहिलं.

"मग मीच बसते," आई म्हणाली.

त्या रविवारी आम्ही दोघंही मैदानावर गेलो. निदान टाटा करायला तरी जावं! आईला खिडकीतून दिसावं म्हणून सबनीसांनी गाडीतली उशी आणून दिली. आईनं विमानाच्या दाराला हात लावला आणि बोटं ओठांना लावली, घरात शिरताना दाराच्या चौकटीला लावायची तशी. मग ती चढली. इलियासनं तिचा पट्टा बांधला, ओढून पाहिला आणि सोडून पुन्हा बांधला.

गेले, दिसेनासे झाले, आणि तासाभरानं परत आले. गवताच्या कडेला आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते मी उन्हावर ढकललं.

इलियास विमान दोरांनी बांधत होता. सबनीस त्याला मदत करायला धावले. मी आईला बाकावर बसवलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "वसंता, मी डोळे उघडलेच नाहीत रे."

"तो विचारेल ना मला. वरून काय दिसतं ते सांग."

मला तरी कुठे माहीत होतं? पण इलियास निघताना म्हणाला होता, आईला तळं दाखवतो. मी म्हटलं, आई, तळं दिसतं. आपल्या समुद्राएवढं मोठं. पांढरी शिडं. काठानं हायवे आणि त्यावर मुंग्यांसारख्या गाड्या. आई ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. तळं, शिडं, गाड्या.

मलिदा पुढच्या रविवारी होता. त्याला मात्र आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. बेसमेंटमध्ये भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं मांडलेली. मी आणि इलियास वरून खुर्च्या आणत होतो. जिन्यात तो म्हणाला, "आईचं नशीबच नाही बघ. तळ्यावर धुकं होतं. मग उत्तरेकडेच वळलो. नुसती शेतं आणि गोठे दाखवून आणले तिला."

माझ्या हातातली खुर्ची भिंतीला आपटली. आईला आधी गाठून सांगावं म्हणून मी खाली धावलो, तोवर प्रार्थना सुरू झालेली. ती संपेपर्यंत मला दरदरून घाम फुटला होता. सबनीसांनी विचारलं, जुलैतला कोट घातलाय का?

प्रार्थना झाली. ताटल्या हातोहात गेल्या. क्लबातले दोन पायलटही आले होते. इलियास त्यांना अभिमानानं म्हणाला की ही माझी पहिली पॅसेंजर, आणि मग आईकडे वळला.

"आई, सांग ना सगळ्यांना, वरून काय काय दिसलं."

आई पदर सावरून बसली. "तळं दिसलं," ती म्हणाली. "आपल्या समुद्राएवढं. पांढरी शिडं होती. काठानं रस्ता, आणि मुंग्यांसारख्या गाड्या."

इलियासनं तोंड उघडलं. ते उघडण्याची ती पद्धत मी वर्षानुवर्षं पाहिलेली. त्यानं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीतलं खोबरं निवडत होतो.

"हो," तो पायलटांना म्हणाला. "त्या दिवशी तळं फार छान दिसत होतं."