आस्कंदाला आवतण

साळूबाईची भाकरी तव्यावर होती. चुलीजवळ बसलेल्या सोनूबाईने नुसत्या वासावरून सांगितलं, "उलट गं, करपंल." तेवढ्यात कडी वाजली. दारात राजूरच्या शाळेतल्या वामन मास्तरांची बायको, रमाबाई. मास्तरांच्या डोळ्याला आठ दिवस डोळा लागला नव्हता. सोनूबाईने उकरलेली आस्कंदाची, म्हणजे अश्वगंधेची, मुळी दुधातून दिली की माणूस निवांत झोपतो, असं रमाबाईच्या कानावर आलं होतं.

"आत्याबाई आता रानात जात न्हाईत," साळूबाई म्हणाली. "दिसत न्हाई त्यान्ला. दिवाळीत ओढ्यात पडल्या. मंग निस्तरायचं कोनी?"

सून मायेपोटीच अडवते, हे सोनूबाईला कळत होतं. पण दिवाळीपासून तिचं जग ओसरीएवढं झालं होतं, आणि सगळं रान त्याच्या बाहेर राहिलं होतं.

"मी हात धरून नेते," रमाबाई म्हणाली. "आत्ताच जाऊ."

"आत्ता कसं, मास्तरीणबाई? आदल्या सांजेला झाडाला आवतण द्यावं लागतं. न विचारता उचलून नेलं तर त्याला बरं वाटंल का?"

"मला तरी लग्नात कुठं कोणी विचारलं होतं?"

साळूबाई पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसताच तिने सासूच्या पायाशी वहाणा सरकवल्या.

सांजेला दोघी बांधावर पोचल्या. सोनूबाईच्या डोळ्यांपुढे नुसता हळदीच्या दुधासारखा उजेड होता. "पानं सुकलीत. फळं लाल झालीत," रमाबाई सांगत गेली. सोनूबाईने बोटांनी बुंधा शोधला, तांदूळ ठेवले आणि हलकेच म्हणाली, "मास्तरच्या झोपंसाठी हाय. उद्या न्यायला येते." मग बराच वेळ ती तिथून उठलीच नाही. करडीच्या पिकावरून वारा येत होता, दूर कुणाच्या तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज विरत होता. सगळं रान पाळण्यासारखं सावकाश हलतंय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रमाबाईने खणलं. सोनूबाईने मुळी नाकाशी धरली. घोड्याच्या अंगासारखा वास. "हीच."

दुधात उकळून, सावलीत वाळवून, कुटून पूड झाली. बाराव्या दिवशी रमाबाई पुन्हा आली. मास्तर सूर्य वर येईतो घोरत पडले होते, पोरं शाळेच्या दाराशी ताटकळली होती.

"सोनूबाई, काय देऊ तुम्हाला? लुगडं आणू?"

"लुगडी हायेत मला. आठ दिवसांतून एकदा सांजेला त्या बांधावर न्या मला."