चप्पल घातलेली बारा बोअर

किस्से कुठे साठतात सांगू? माझ्या मेडिकलच्या काउंटरवर! सोमवारी सकाळी म्हसळ्यात जो माणूस उजवा हात अंगाशी धरून येतो आणि डाव्या हाताने बाम मागतो, तो आदल्या दिवशी आमच्या रेंजवर होता, हे मी पैज लावून सांगतो. प्रत्येक बामाच्या बाटलीमागे एक किस्सा ठरलेला. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सवय. स्वतःच्या खांद्यावर ठेवली की काय होतं, ते आता ऐकाच!

०००

रेंज म्हणजे काय, तर गावाबाहेरचा माळ, मातीच्या तबकड्या हवेत फेकणारं दोरीचं एक यंत्र आणि आमच्या नेमबाजी क्लबच्या दोन बारा बोअरच्या दुनळी बंदुका. शिकवणारे रिटायर्ड सुभेदार कदम, तळा गावचे. आवाज असा, की माळावरची गुरं सावधान उभी राहतात.

पहिल्याच दिवशी ते गरजले, "बंदूक सैल धरलीत तर ती लाथ मारणार! तिला घट्ट खांदा द्या!"

भातशेतीवाले गणपत दादा एकदम गंभीर झाले. चेहरा पाडून हळूच विचारतात, "कोन गेला, सायेब?"

"अजून कोणी नाही! पण असाच उभा राहिलास तर तुझा नंबर लागेल!"

मग सुभेदारांनी सांगितलं, तबकडी हवी असेल तेव्हा इंग्रजीत 'पुल', म्हणजे 'ओढ', म्हणायचं. दादांनी मान वळवून खाडीकडे पाहिलं. "पूल तिकडं ऱ्हायला की वो!" त्या दिवसापासून आमच्याकडे 'पुल' बंद. आम्ही सरळ 'सोड!' म्हणतो.

०००

आमच्यातल्या खऱ्या नेमबाज नजमाभाभी. वय चव्वेचाळीस, मिस्टर कुवेतला, घरात त्या आणि सासूबाई. कॉलेजात असताना एनसीसीच्या रायफलीवर त्यांची राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. त्याच आठवड्यात निकाह ठरला, आणि जायचं राहिलं ते राहिलंच. "भाई, एकदा तरी राज्याला खेळायचंय," हे त्या मला इतक्या वेळा म्हणाल्यात, की मलाच ते स्वप्न पडायला लागलं होतं.

डिसेंबरात निवड चाचणी होती. पन्नासपैकी पस्तीस तबकड्या फोडल्या की राज्याची दारं उघडणार. नजर तर घारीची! पण एनसीसीची रायफल म्हणजे गरीब गाय. बारा बोअरचा पहिला बार काढला आणि भाभी तीन पावलं मागे. "तौबा! ही तर माझ्या सासूपेक्षा जोरात ढकलते!"

सासूबाई मागेच खुर्चीवर डबा सांभाळत बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मग नीट पाय रोवून उभी रहा. माझ्यासमोर रहातेस तशी!"

सुभेदारांनी चक्क टाळी वाजवली. "बरोब्बर! हेच मी तासाभरापासून सांगतोय!"

०००

गणपत दादांचे उपाय वेगळेच. एके रविवारी हे चुंबळ घेऊन हजर! हंडा डोक्यावर घेताना बायका कापडाची गोल वळी ठेवतात ना, तीच. खांद्यावर शर्टाच्या आत खोचली आणि म्हणाले, "हंड्याचा भार झेलते, ह्याचा न्हाय झेलनार व्हय?"

झेलला की! पण बार निघाला तशी चुंबळ कॉलरमधून उसळून जी उडाली, ती दादांच्या डोक्यावरून गरगरत मागे. समोरची तबकडी अखंडच खाली पडली.

भाभी ओरडल्या, "दादा, दुसऱ्या नळीत काडतूस हाय ना? मागची तरी मारा!"

०००

आता माझीच फजिती. माझे नेम चुकायचे आणि मी खांद्याच्या नावाने बोटं मोडायचो. लिगामेंट असेल, स्नायू असेल, मेडिकलवाला असल्यामुळे शब्द भरपूर. सुभेदार म्हणाले, "बरं. आज काडतूस मी भरतो."

मी उभा राहिलो. "सोड!" तबकडी उडाली, मी घोडा दाबला, डोळे गच्च मिटले, दोन पावलं मागे गेलो आणि कळवळलो, "आई गं!"

माळावर शांतता. बार झालाच नव्हता! सुभेदारांनी नळीत सरावाचं फुसकं काडतूस घातलं होतं. नुसतं 'टक्' वाजलं होतं.

"खांदा बरा आहे तुमचा," सुभेदार म्हणाले. "भीती डोक्यात बसलीय. तिचं औषध तुमच्या दुकानात नाही!"

०००

भाभींचं दुखणं मात्र खरं होतं. चाचणीला तीन आठवडे राहिले आणि खांदा असा जांभळा पडला, की केस विंचरायला हात वर जाईना. माझ्या शेजारच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्यात. त्यांनी खांदा पाहिला, दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी कोणी मारतं का तुम्हाला?"

"घरी नाय हो. माळावर."

"कोण?"

"बारा बोअर."

"बारा?" डॉक्टरीणबाईंचा हात फोनकडे गेला.

"ओ, बंदूक ती! आणि ती येत नाय मारायला, दर रविवारी मीच जाते मार खायला!"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण दोन आठवडे बंदुकीला हात लावायचा नाही म्हणाल्या. भाभी औषध घ्यायला माझ्याकडे आल्या, तेव्हा डोळे भरलेले. "ह्या वक्ताला बी राहिलं वाटतं, भाई." मी उगाच गोळ्यांची पाकिटं लावत बसलो.

०००

सुभेदारांनी त्या दोन आठवड्यांत भाभींना सोडून बंदुकीवर उपचार केले! दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, भाभींना लांब पडत होता. त्यामुळे खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडाकडे घसरायचा आणि तिथेच दणका बसायचा. सुताराकडून तो इंचभर कापून घेतला, हलकी काडतुसं मागवली. आणि टोकाला? सुभेदारांनी स्वतःच्या रबरी चपलेचा तळवा कापून चिकटवला!

भाभींनी परत आल्यावर पहिला बार काढला. त्या वळल्या, चेहरा फुललेला.

"लाथ तर मारतेच हो," म्हणाल्या. "पण आधी अनवाणी मारायची, आता चप्पल घालून मारते!"

०००

आणि चाचणी! सुभेदार, सासूबाई, गणपत दादा आणि बर्फाची पिशवी घेऊन मी, अशी वरात घाटावर पोचली. तिथे दोरी ओढायला माणूस नाही, माइक! तोंडातून आवाज निघाला की तबकडी सुटली. भाभींची सवय, आधी अल्लाचं नाव घ्यायचं, मग बंदूक खांद्याला. सुभेदारांनी बजावलं, "नाव मनात घ्या. मोठ्याने फक्त 'सोड'!"

एकोणपन्नास वेळा भाभींनी ते पाळलं. चौतीस फुटल्या होत्या. एक तबकडी उरली, एकच हवी होती! माझ्या हातातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. भाभींनी खांदा एकदा फिरवला, बंदूक उचलली. दस्ता अजून छातीपाशीच, आणि तोंडून खणखणीत निघून गेलं, "बिस्मिल्ला!"

माइकला काय कळतंय? सुटली की तबकडी! भाभींनी दस्ता लागेल तिथे लावला, तो नेमका दंडावर, आणि बार काढला. आकाशात नारिंगी धूळ! पस्तीस! सासूबाईंनी मला मिठी मारली, मी सुभेदारांना!

पंच जवळ आले. "बाई, बार न काढता हात वर केला असता, तर दुसरी तबकडी दिली असती."

भाभी दंड चोळत म्हणाल्या, "त्याचं नाव घेऊन आली होती, साहेब. परत कशी पाठवू?"

पुढच्या रविवारी गणपत दादा हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन थेट माळावर आले. कपाळाला भस्म, हातात प्रसाद. आधी भाभींना दिला, मग सासूबाईंना. बंदूक भरली, पाय रोवले, गाल दस्त्याला लावला. यंत्राच्या दोरीशी मी होतो. दादांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा माळ दणाणला.

"बिस्मिल्ला!"

मी दोरी ओढली.