मावशी घरी नाही

लग्न होऊन आई भोरला आली, तेव्हा माहेरच्यांनी भांडीकुंडी दिली, दुभती म्हैस दिली आणि घरकामाला म्हणून दहा वर्षांची एक मुलगी दिली. गुंजवणे गावातल्या त्यांच्या एका कुळाची. आम्ही भावंडं तिला मावशी म्हणायचो. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी, एवढंच तिला मिळायचं. आमच्या पंगतीला ती कधी बसली नाही. आम्हाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

मी दहा वर्षांची असताना तिचा भाऊ दारात आला. तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. आईनं मला पुढं केलं. "सांग, मावशी घरी नाही, देवाला गेलीय." मी तसंच सांगितलं. मावशी मागच्या दारी आमचे कपडे धूत होती. भाऊ ओट्यावर बराच वेळ बसला, पाणी प्यायला आणि गेला. पुन्हा आला नाही.

आई गेली तेव्हा मावशीनं सत्तरी ओलांडली होती. मी म्हटलं, "मावशी, माझ्याकडं पुण्याला चल."

"तितं बी कामच का, ताई?"

मग तीच म्हणाली, "एकदा गावाला न्या. भाऊ हाय का बगू."

नसरापूर ओलांडल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि त्या दिवसाचं सगळं सांगितलं. ती माझ्याकडं वळली. "त्यो आला व्हता?" मग खिडकीकडं तोंड करून, "मला वाटलं, इसरले मला."

धरणापायी त्यांचं घर वरच्या अंगाला हललं होतं. भाऊ होता, डोळ्यांनी अधू. त्यानं तिचे दोन्ही हात चाचपले आणि धरूनच ठेवले. भावजयीनं ताटं वाढली. मावशी सवयीनं चुलीकडं निघाली, तर भावजय म्हणाली, "बसा वन्सं." ती बसली.

निघताना मी माफी मागितली.

"तवा ल्हान व्हता तुमी," ती म्हणाली. "मोट्या झाल्यावर का न्हाई सांगितलं?"

ती तिथंच राहिली. मी अधूनमधून जायचे. ती भाताचं, शेळ्यांचं बोलायची. भोरच्या घराविषयी एकदाही विचारलं नाही. दोन वर्षांनी ती गेली. तिच्या भाच्यानं मला कळवलं, ते दहावा उरकल्यावर. लगेच कळवतील असं मी धरून चालले होते.